उडत्या तबकडीचे नामकरण

वस्तू घडते एकाच्या हातून, तिचे बारसे करतो दुसरा आणि त्या नावाचा हक्क राहतो तिसऱ्याच्या पेटीत, असा प्रकार व्यवहारात पुष्कळदा घडतो. आपल्याकडे ‘डालडा’ हे वस्तुतः एका विशिष्ट मालाचे नाव. पण ते घरोघर इतके रुळले की वनस्पती तुपाचा डबा कोणत्याही कारखान्याचा असो, गृहिणीच्या तोंडी तो डालडाच राहिला. पुढे कागदाच्या नकलेला ‘झेरॉक्स’ म्हणतानाही तो कोणा कंपनीचा शब्द आहे हे कोणाच्या ध्यानी राहिले नाही. लोकांच्या जिभेवर बसलेले नाव मग कोणाचे मानायचे? ज्याने नोंदवले त्याचे, ज्याने ती वस्तू घडवली त्याचे, की जे रोज ते उच्चारतात त्यांचे?

हा प्रश्न अमेरिकेत एका साध्या खेळण्याच्या निमित्ताने उभा राहिला. ते खेळणे म्हणजे हाताने भिरकावून उडवायची प्लॅस्टिकची तबकडी. जगभर तिला ‘फ्रिस्बी’ म्हणतात. पण ज्याने ती घडवली त्याला हे नाव मुळीच रुचले नव्हते. ज्याच्या आडनावावरून ते आले असे सांगतात, त्याच्या हयातीत ही तबकडी जन्मालाही आली नव्हती. आणि आज जे तिचे सामने भरवतात त्यांच्या जागतिक संघटनेच्या पाटीवर ते नाव नाही. असे का झाले, याचा इतिहास मोठा उद्‌बोधक आहे.

प्रथम नावाची कुळकथा. अमेरिकेच्या ईशान्येस कनेटिकट नावाचे राज्य आहे. तेथील ब्रिजपोर्ट गावी विल्यम रसेल फ्रिस्बी याने 1871 साली बेकरीचा धंदा हाती घेतला. ‘पाय’ या नावाने ओळखला जाणारा, आत फळांचे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ ही त्याची खासियत. हा पदार्थ पत्र्याच्या उथळ थाळीतून विकला जाई आणि थाळीवर फ्रिस्बीचे नाव ठोकलेले असे. पाय खाऊन झाला की थाळी रिकामी. आसपासच्या महाविद्यालयांतील विद्यार्थी या रिकाम्या थाळ्या मैदानावर एकमेकांकडे भिरकावीत आणि समोरच्याला सावध करण्यासाठी ‘फ्रिस्बी!’ अशी आरोळी ठोकीत, अशी आख्यायिका आहे. हा मान येल विद्यापीठाकडे जातो असे बहुतेक सांगतात. पण इतरही काही विद्यालयांनी त्यावर आपला दावा मांडला आहे. ते कसेही असो. पत्र्याच्या थाळीवरचे आडनाव हळूहळू एका क्रीडेचे नाव झाले, एवढे खरे.

तबकडीची जन्मकथा मात्र याहून निराळी आहे. ती घडते तीन हजार मैल दूर, पश्चिम किनाऱ्यावर. वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन हा 1920 साली युटा राज्यात जन्मलेला तरुण. 1937 सालच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला त्याने व त्याची मैत्रीण ल्युसील हिने लाह्यांच्या डब्याचे झाकण एकमेकांकडे फेकून खेळ मांडला. झाकण फार वेळ टिकेना, म्हणून त्यांनी केक भाजायची थाळी घेतली. पुढच्या वर्षी सांता मोनिकाच्या वाळवंटावर दोघे खेळत असता एका प्रेक्षकाने त्या थाळीचे पंचवीस सेंट देऊ केले. बाजारात तशी थाळी पाच सेंटला मिळत होती. पाचाचे पंचवीस होतात हे कळल्यावर तरुण जोडप्याला व्यापाराची वाट दिसली नसती तरच नवल! पुढे ती दोघे विवाहबद्ध झाली आणि ‘उडत्या केक-थाळ्या’ विकू लागली.

मध्यंतरी महायुद्ध आले. मॉरिसन याने हवाई दलात लढाऊ विमान चालवले, तो शत्रूच्या कैदेतही पडला. परत आला तेव्हा पंखावरून हवा कशी वाहते याचे काही ज्ञान त्याच्यापाशी होते. 1946 साली त्याने तबकडीचा पहिला आराखडा काढला आणि 1948 साली वॉरन फ्रान्सिओनी या भागीदाराच्या साह्याने ती प्लॅस्टिकमध्ये ओतली. काळ कोणता, हेही पाहण्याजोगे आहे. आदल्याच वर्षी, 1947 च्या जूनमध्ये, केनेथ आर्नल्ड या वैमानिकाने आकाशात चमकणाऱ्या अज्ञात वस्तू पाहिल्याचे सांगितले होते आणि वृत्तपत्रांनी त्यांना ‘फ्लाइंग सॉसर’, म्हणजे आपल्या मराठीत ‘उडत्या तबकड्या’, असे नाव दिले होते. मॉरिसन आणि फ्रान्सिओनी यांनी तोच शब्द उचलून आपल्या खेळण्याला चिकटवला. म्हणजे पहिले नाव उसने घेतले ते वर्तमानपत्रांकडून.

जत्रांतून ती तबकडी फेकून दाखवताना बघ्यांपैकी काहींना वाटे की ही एखाद्या अदृश्य तारेवरून सरकत असावी. तेव्हा मॉरिसन पतिपत्नींनी असे सांगायला सुरुवात केली, की तबकडी फुकट आहे, पैसे पडतील ते फक्त अदृश्य तारेचे, एक डॉलर! व्यापारी बुद्धी आणि विनोदबुद्धी यांचा असा संगम विरळा.

भागीदारी 1950 च्या सुमारास मोडली. मॉरिसन याने 1955 साली तबकडीचा नवा घाट सिद्ध केला. तिच्या पाठीवर मधोमध घुमटी होती, कडेच्या उतारावर ग्रहांची नावे कोरलेली होती आणि तिचे नाव होते ‘प्लूटो प्लॅटर’, प्लूटोची थाळी. तिच्या खालच्या अंगावर फेकण्याच्या सूचना छापल्या होत्या. त्या ल्युसीलच्या लेखणीतल्या. सपाट फेकली तर सरळ जाते, कलती फेकली तर वळते, करून पाहा, असा त्यांचा आशय. पुढील अर्धशतकात या विषयावर जे जे लिहिले गेले, त्याचे बीज या चार शब्दांत आहे असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

कॅलिफोर्नियातील ‘व्हॅम-ओ’ या खेळण्यांच्या कंपनीची नजर या थाळीवर गेली. रिचर्ड नेर आणि आर्थर मेलिन या दोन मित्रांनी 1948 साली ती काढली होती. त्यांचा पहिला माल म्हणजे गलोल. गलोलीचा खडा निशाणावर बसला की होणारा आवाज, तेच कंपनीचे नाव. अशा माणसांना नावाची महती सांगावी लागत नाही. 23 जानेवारी 1957 रोजी मॉरिसन याने आपले हक्क या कंपनीला दिले. त्याच वर्षाच्या मध्यास नेर याच्या कानी आले, की पूर्वेकडील विद्यार्थी या खेळाला ‘फ्रिस्बी’ म्हणतात. त्याने तो शब्द उचलला, त्याच्या इंग्रजी अक्षरांत थोडा फरक केला आणि तबकडीवर छापला. पुढे 1959 साली ते नाव कंपनीची व्यापारी मुद्रा म्हणून नोंदले गेले.

मॉरिसन याला हे नाव अगदी टाकाऊ आणि निरर्थक वाटले. आपल्या थाळीत आकाश होते, ग्रह होते. या शब्दात काय आहे, असे त्याला वाटणे स्वाभाविक होते. पण लोकांनी नेमका तोच शब्द उचलून धरला आणि विक्रीच्या रकमेतील हिस्सा जसजसा हाती येऊ लागला, तसतसा त्याचा विरोधही मावळला. 1958 सालच्या सप्टेंबरात मॉरिसन याला ‘उडते खेळणे’ म्हणून आकृतीचे पेटंट मिळाले. आणि याच 1958 साली ब्रिजपोर्टची ती जुनी बेकरी कायमची बंद झाली. भट्टी विझली, पण आडनाव मात्र देशोदेशी उडत राहिले. आणि ज्या फ्रान्सिओनीच्या साह्याने पहिली प्लॅस्टिकची तबकडी निघाली, त्याचे नाव तर यापैकी कोणत्याच कागदावर आले नाही. नामकरणाच्या सोहळ्यात असेही काही पाहुणे असतात, की ज्यांना पाटच मांडला जात नाही.

येथवर तबकडी हे खेळणे होते. त्याचा खेळ केला तो एडवर्ड हेड्रिक याने. 1964 साली तो व्हॅम-ओमध्ये आला. तबकडी फार डगमगते, हे त्याच्या लक्षात आले. त्याने तिच्या पाठीवर एकात एक अशी बारीक उंचवट्यांची वर्तुळे काढली. त्यामुळे ती हवेत स्थिर राहू लागली. 1967 साली त्याला या सुधारणेचे पेटंट मिळाले आणि खेळाडूंच्या भाषेत ही वर्तुळे ‘हेड्रिकची कडी’ म्हणून प्रसिद्ध झाली. शनीला कडी असावीत आणि प्लूटोच्या थाळीलाही मिळावीत, हा योगायोग मौजेचा आहे.

झाडाला, खांबाला किंवा डब्याला नेमून तबकडी मारायची आणि कमीत कमी फेकींत ठिकाण गाठायचे, हा गोल्फसारखा खेळ निरनिराळ्या ठिकाणी लोक आपापल्या परीने खेळत होते. कॅनडातील ब्लॅडवर्थ गावच्या शाळकरी मुलांनी 1926 च्या सुमारास पत्र्याची झाकणे घेऊन असा खेळ मांडल्याची नोंद आहे. हेड्रिक याने त्याला शिस्त लावली. लॉस एंजलिसजवळच्या ओक ग्रोव्ह उद्यानात 1975 साली त्याने पहिले कायमचे मैदान आखले. तेथे निशाण म्हणून नुसते खांब होते. तबकडी खांबाला लागली की नुसती चाटून गेली, यावरून खेळाडूंत वाद होऊ लागले. तेव्हा हेड्रिक व त्याचा मुलगा यांनी खांबाला लोंबत्या साखळ्या आणि खाली जाळीची टोपली बसवली. साखळ्यांना धडकून तबकडी टोपलीत पडली की वाद संपला, शिवाय साखळ्यांचा किणकिणाट हा विजयाचा नाद झाला. या टोपलीला 1977 साली पेटंट मिळाले. 1976 साली खेळाडूंची व्यावसायिक संघटना त्याने स्थापन केली; तिचा सभासद क्रमांक एक तो स्वतःच. मात्र या संघटनेच्या नावात ‘फ्रिस्बी’ हा शब्द नव्हता. ‘डिस्क गोल्फ’ असेच नाव त्याने योजिले.

आता क्षणभर तबकडीच्या उड्डाणाकडे वळले पाहिजे, कारण नावाचा पुढील वाद त्यावाचून उमगणार नाही. तबकडी तरंगते ती दोन गोष्टींवर: एक वेग आणि दुसरी गिरकी. वेगामुळे समोरची हवा तिच्या अंगावरून खाली वळते आणि तिला वर उचलते. गिरकी नसेल तर मात्र ती पत्त्यासारखी कोलांट्या खात पडते. फिरता भोवरा कलला तरी पडत नाही, हे प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. फिरत्या वस्तूला एका बाजूने ढकलले, तर तिचा प्रतिसाद पाव फेरा पुढे उमटतो, हा भोवऱ्याचा धर्म तबकडीलाही लागू आहे.

उजव्या हाताने छातीवरून आडवी फेकलेली तबकडी वरून पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते. वेग भरपूर असतो तेव्हा हवेचा उचल-बिंदू मध्याच्या मागे असतो. मागची कड उचलली जाते, पण पाव फेऱ्याच्या नियमाने प्रत्यक्षात वर येते ती डावी बाजू, आणि तबकडी उजवीकडे झुकते. वेग ओसरला की उचल-बिंदू पुढे सरकतो. पुढची कड उचलली जाते, वर येते ती उजवी बाजू आणि तबकडी डावीकडे वळून खाली उतरते. दूरच्या फेकीत दिसणारे ते लांबट नागमोडी वळण यातूनच येते. वारा समोरून असेल तर तबकडीला तो वाढीव वेगासारखाच भासतो आणि ती उजवीकडे अधिक झुकते. म्हणूनच वाऱ्याच्या तोंडावर अधिक स्थिर आणि वजनदार तबकडी घेण्याचा प्रघात आहे.

फेकण्याची रीतही यावरून ठरते. चार बोटे कडेच्या आत वळवलेली, अंगठा वर दाबलेला, अंग निशाणाला काटकोनात; एक पाय दुसऱ्यामागून ओलांडीत दोन-तीन पावले; तबकडी छातीलगत सरळ रेषेत ओढलेली. जोर निघतो पायांतून, तो चढतो कमरेत, कमरेतून खांद्यात, खांद्यातून कोपरात आणि अखेर मनगटात. मनगटाचा झटका शेवटी बसतो, तीच गिरकी. नवशिका नेमका येथेच चुकतो. तो सारा भार दंडावर टाकतो आणि तबकडीचे नाक वर उचलतो. मग ती वर चढते, अडखळते आणि जवळच डावीकडे कोसळते. दंडाने रेटणे निराळे आणि अंगाने झुलवणे निराळे. लंगडीतला सूर किंवा विटीदांडूतला टोला ज्याने मारला आहे, त्याला हा भेद नव्याने शिकवावा लागत नाही.

1983 साली डेव्ह डनिपेस याने तबकडीच्या गोल कडेला उतरता काप देऊन ती पाचरीसारखी निमुळती केली. हवा कापत जाणारी ही तबकडी जुन्या तबकडीच्या कितीतरी पुढे पडू लागली. डनिपेस व त्याचे सोबती यांची ‘इनोव्हा’ ही कंपनी याच शोधावर उभी राहिली. तबकडी लहान, घट्ट आणि धारदार झाली. संघटनेच्या नियमाप्रमाणे व्यास किमान 21 सेंटीमीटर, वजन व्यासाच्या दर सेंटीमीटरला 8.3 ग्रॅमपर्यंत आणि एकूण 200 ग्रॅमच्या आत हवे. 2016 साली डेव्हिड विगिन्स याने नेवाडाच्या वाळवंटात वाऱ्याच्या साह्याने अशी तबकडी 338 मीटर फेकली. पण या सुधारणेने एक गोष्ट हरवली: ही तबकडी आता झेलायची राहिली नाही. मुलाने वाळूवर झेलावी ती फ्रिस्बी वेगळी आणि साखळ्यांवर आदळावी ती डिस्क वेगळी, अशी एकाच कुळाची दोन घरे झाली.

येथून नावांचे दुसरे पर्व सुरू होते. तबकड्यांचे प्रकार वाढले, तशी प्रत्येकीला नावाची गरज पडली. आरंभी गरुड, चित्ता अशी पशुपक्ष्यांची नावे आली. मग ‘डिस्ट्रॉयर’ म्हणजे संहारक, ‘बॉस’ म्हणजे धनी, अशी दांडगी नावे निघाली. कान्सास राज्यातील ‘डायनॅमिक डिस्क्स’ या कंपनीने तर सारे न्यायालय आणि तुरुंगच मैदानात उतरवले: न्यायाधीश, शेरीफ, आणि त्यांच्या जोडीला गुन्हेगार व कैदीही! शाळेच्या मैदानावर मुलांच्या हाती ‘कैदी’ नावाचे खेळणे द्यावे काय, असा प्रश्न एखाद्या पालकाच्या मनात आला, तर त्याला जुनाट म्हणून झिडकारता येणार नाही. खेळातले नावही कानावर संस्कार करतेच. उलट, नाव म्हणजे निव्वळ खूण, तिच्यात अर्थ शोधू नये, असे म्हणणाऱ्यालाही उत्तर आहे. खूण म्हणूनच ते दुकानात काम करते आणि नवशिक्याचा हात नेमका धरते.

कारण नवशिका ‘संहारक’ उचलतो. त्या तबकडीवर चार आकडे असतात: 12, 5, उणे 1 आणि 3. पहिला वेगाचा, दुसरा तरंगण्याचा, तिसरा आरंभी उजवीकडे झुकण्याचा, चौथा अखेरीस डावीकडे वळण्याचा. वेग बारा याचा अर्थ तबकडी वेगाने जाईल असा नव्हे. तिला तेवढ्या वेगाने फेकाल तरच ती ठरल्याप्रमाणे उडेल, असा आहे. दुबळ्या हातून ती सुटली की तिला पहिले वळण लाभतच नाही, फक्त शेवटचे लाभते. याउलट ‘लेपर्ड’ म्हणजे बिबट्या, वेग 6, किंवा टोपलीजवळ वापरायची ‘एव्हिआर’, वेग 2, अशा तबकड्या नवशिक्याच्या हातून दूर आणि सरळ जातात. जाणते शिक्षक म्हणूनच मंद तबकडीपासून आरंभ करवतात. आणखी एक ध्यानी घ्यावे: हे आकडे कारखानदार स्वतः ठरवतात; संघटना तबकडीचे माप, वजन आणि लवचीकपणा तपासते, आकडे देत नाही. आकडा हेही एक प्रकारचे नावच झाले, आणि नावाइतकेच ते पारखून घेतले पाहिजे.

राहिला मूळ शब्दाचा वाद. अमेरिकेच्या कायद्यात एक विचित्र न्याय आहे. एखादे व्यापारी नाव लोकांनी इतके आपलेसे केले की ते त्या जातीच्या वस्तूचेच नाव होऊन बसले, तर कंपनीचा त्यावरील हक्क जातो. ॲस्पिरिन, एस्कलेटर आणि थर्मास या शब्दांचे तेथे असेच झाले. लोकप्रियता हेच नावाचे मरण! म्हणून व्हॅम-ओला सतत सावध राहावे लागले. तिची तबकडी नसेल तर तिला ‘फ्रिस्बी’ म्हणू नये, हा आग्रह तिला धरणे भाग होते. कंपनीच्या दृष्टीने यात गैर काही नाही. पण खेळाडूंपुढे पेच पडला. ज्या शब्दाने खेळ सर्वांना ठाऊक, तो शब्द एका दुकानाचा. खेळाचा दरवाजा अशा शब्दाने कसा बांधावा?

त्यांनी भांडण उकरले नाही. नाव सोडून दिले. 1968 साली न्यू जर्सीच्या विद्यार्थ्यांनी काढलेला सांघिक खेळ ‘अल्टिमेट’ एवढ्याच नावाने ओळखला जाऊ लागला. 1985 साली जागतिक संघटना उभी राहिली ती ‘वर्ल्ड फ्लाइंग डिस्क फेडरेशन’ या नावाने. आणि 2015 साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने तिला पूर्ण मान्यता दिली. ‘उडती तबकडी’, इतका साधा, मालकीहीन शब्द. मॉरिसन आणि फ्रान्सिओनी यांनी 1948 साली वर्तमानपत्रांतून जो शब्द उसना घेतला होता, त्याच्याच कुळातला.

हे ऐकून आपल्याकडे कोणी सुदर्शनचक्राचे स्मरण करील, कोणी पगडीवर पोलादी चक्रे मिरवणाऱ्या अकाली शिखांचे. फिरते वर्तुळ दूर जाते हे ज्ञान या भूमीत जुने आहे, यात शंका नाही. पण तेवढ्यावरून अमेरिकी तबकडीवर हक्क सांगण्याचा मोह टाळलेला बरा. या कथेत नावावर हक्क सांगणारे आधीच पुष्कळ आहेत.

हेड्रिक 2002 साली वारला. त्याच्या इच्छेनुसार त्याच्या रक्षेचा अंश प्लॅस्टिकमध्ये मिसळून काही तबकड्या घडवण्यात आल्या. मॉरिसन 2010 साली नव्वदाव्या वर्षी गेला. त्याच्या ‘प्लूटो प्लॅटर’मधील प्लूटोचेही ग्रहपद 2006 साली गेलेच होते. नावे अशी येतात आणि जातात. समुद्रकिनारी एखादे पोर तबकडी हाती घेते, तेव्हा तिच्यावर काय छापले आहे हे ते पाहत नाही. सपाट फेकली तर ती सरळ जाते, कलती फेकली तर वळते. ल्युसीलने लिहिलेल्या त्या सूचनांखाली तिचे नाव कधी छापले गेले नाही. पण तबकडी आजही त्यांच्याच आज्ञेत उडते.